अनुदान कुणाच्या नावावर?

मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य ठाणे. वेण्णा इथून पुढे जाऊन कण्हेर धरणात अडते. पश्चिमेला बामणोलीच्या अंगाला कोयना धरणाचा शिवसागर जलाशय पसरला आहे. दोन्ही धरणांत जावळीच्या जमिनी बुडाल्या. कोयनेच्या पाण्यावर वीज तयार झाली, कण्हेरचे पाणी खालच्या शिवारांत गेले. शेतीच्या अनुदानाचा हिशेब मांडताना हे आठवावे, कारण सरकारी पैसाही बराचसा पाण्याच्याच वाटेने जातो.

खात्यात येणारा हप्ता सगळ्यांना दिसतो. पीएम-किसानचे वर्षाला 6,000 रुपये डिसेंबर 2018पासून लागू झाले. सुरुवातीची दोन हेक्टरांची मर्यादा 2019मध्येच उठली. 2023मध्ये राज्याने ‘नमो शेतकरी’चे आणखी 6,000 जोडले. भाताची चार खाचरे असणाऱ्याला हे बारा हजार मिळतात आणि वीस एकर उसाच्या बागायतदारालाही. प्राप्तिकर भरणारा या योजनांत बसत नाही. पण शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकरच नाही, म्हणजे नुसता ऊस पिकवणारा त्या चाळणीत अडकतच नाही.

न दिसणारा पैसा याहून मोठा. युरियाची 45 किलोची गोणी शेतकऱ्याला 266 रुपये 50 पैशांना मिळते. खरी किंमत याच्या कितीतरी पट असते. फरक केंद्र सरकार खत कंपनीला देते. ज्याच्या गोण्या जास्त, त्याचे अनुदान जास्त. कराड-वाळव्याचा ऊस खताला भुकेला. जावळीच्या डोंगरउतारावरच्या नाचणीला कितीसा युरिया लागणार? साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना 2024पासून वीज मोफत झाली. ज्याच्याकडे विहीर नाही, मोटर नाही, त्याला यातले काय? ठिबकवर अल्पभूधारकाला राज्याची भर धरून 80 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. पण आधी पूर्वसंमती, मग खरेदी, मग पाहणी आणि शेवटी पैसे. तोवरची उचल कुठून आणायची, याचे उत्तर राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या अर्जात नसते.

एवढे सगळे देऊनही शेतकऱ्याला उणेच मिळते, हा शेतकरी नेते शरद जोशींचा जुना दावा होता. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. निर्यातबंदी आणि पाडलेले भाव धरले, तर 2000नंतरच्या दीड दशकात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला आधार सरासरी उणे 14 टक्के निघतो, असे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या 2018च्या अहवालात आहे. तरीही उणे सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाही. खत-विजेची भरपाई बागायतदाराकडे वळते. कोरडवाहूवाल्याकडे हप्ता उरतो.

तो हप्ता तरी कुणाचा? सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याचा. जावळीतल्या घराघरांतून माणसे माथाडी कामाला मुंबईला गेली. चिखलणी, लावणी, भांगलण, कापणी मागे राहिलेल्या बाईने पाहिली. उताऱ्यावर नाव मात्र नवऱ्याचे, सासऱ्याचे, कधी कधी वारलेल्या आजेसासऱ्याचे. सामाईक खात्यात दहा-बारा सहहिस्सेदार, वारस नोंद रखडलेली, आणि पीएम-किसानला 1 फेब्रुवारी 2019 रोजी जमीन नावावर असण्याची अट. त्यानंतरच्या नव्या खातेदारांत वारसाहक्काने आलेल्यालाच सूट. खंडाने किंवा वाट्याने कसणारा तर कागदावर कुठेच नाही. गंमत म्हणजे अवजारांच्या योजनेत महिला, अल्पभूधारक आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना 50 टक्के आणि इतरांना 40 टक्के अनुदान आहे. बाई म्हणून हा वाढीव टक्का घ्यायला आधी तिच्या नावे सातबारा हवा!

पत्नीचे नाव नवऱ्यासोबत सातबाऱ्यावर लावण्याची लक्ष्मीमुक्ती योजना राज्यात 1992पासून आहे. नवऱ्याने स्वतःहून अर्ज केला की हे काम होते. त्यामुळे पीएम-किसानचा दुसरा हप्ता सुरू होणार नाही, कारण तो कुटुंबाला एकच. पण अवजारे, ठिबक, पीकविमा, पीककर्ज यांचे अर्ज ती स्वतःच्या नावाने भरू शकेल. तेव्हा दिवाळीला मुंबईहून गावी आलेल्यांनी परतीच्या गाडीआधी तलाठी कार्यालयाची एक फेरी जरूर मारावी. आजोबांची वारस नोंद राहिली असेल, तर तिचाही अर्ज त्याच फेरीत देऊन पोच घ्यावी.