चारही चाकांना अखंड गती : जुन्या मालमोटारीच्या रचनेतील एक फेरफार

सिरोंचा हे गाव प्राणहितेच्या काठी वसलेले असून तेथून थोड्याच अंतरावर ती नदी गोदावरीस मिळते. आलापल्लीहून तेथे येणारा सुमारे 100 किलोमीटरांचा मार्ग बव्हंशी अरण्यातून जातो. या मुलुखात वाहनाची खरी कसोटी पाहतो तो रस्त्याचा पालट. डांबराचा तुकडा संपून उखडलेली खडी लागावी, पुढे नाल्याचा ओला उतार, चिखल आणि वाळू यावी, व पुन्हा डांबर लागावे, असा हा क्रम असतो. जुलै 1922 नव्हे, तर अगदी अलीकडे, जुलै 2022 मध्ये आलेल्या पुराने या तालुक्यातील अनेक गावांना वेढले होते. अशा वेळी धान्य किंवा रुग्ण घेऊन निघालेली गाडी मध्येच रुतणे ही केवळ गैरसोयीची बाब राहत नाही.

चारही चाकांना शक्ती पोचविणाऱ्या जुन्या मालमोटारी आणि विलिस जीपच्या घराण्यातील गाड्या यांत पुढील आस जोडण्या-सोडण्याचे काम सामान्यतः चालकाच्या हाती, एका दांड्याने, होत असे. रस्ता वारंवार पालटत असेल तर हा निर्णयही वारंवार करावा लागतो. हा भार चालकावरून काढून चारही चाके कायमची चालती ठेवता येतील काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर होकारार्थी आहे. तथापि, केवळ दांडा पुढच्या खुणेवर बांधून ठेवल्याने ते साधत नाही.

त्याचे कारण बैलगाडीच्या दृष्टान्ताने स्पष्ट होईल. बैलगाडीचा आख स्थिर असतो व त्यावर प्रत्येक चाक स्वतंत्रपणे फिरते. त्यामुळे वळणावर बाहेरचे चाक अधिक आणि आतले कमी फिरले तरी कोठे ताण पडत नाही. मोटारीत मात्र इंजिनाची शक्ती चाकांना द्यावयाची असते. म्हणून डाव्या व उजव्या चाकांच्या वेगात आवश्यक तो भेद राहू देणारी दंतचक्रांची जुळणी, म्हणजे डिफरन्शियल, आसाच्या मध्यभागी बसवितात. असाच भेद पुढील आणि मागील आसांतही असतो. समजा, दोन आसांमधील अंतर 4 मीटर आहे व मागील आसाचा मध्य 8 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळतो आहे. तर पुढील आसाच्या मध्याला जवळजवळ 8.94 मीटर त्रिज्येचे वर्तुळ आक्रमावे लागते. पूर्ण फेरीत मागील आस सुमारे 50 मीटर, तर पुढील सुमारे 56 मीटर जातो.

जुन्या पद्धतीच्या ट्रान्स्फर केसमध्ये, म्हणजे गिअरपेटीतून आलेली शक्ती दोन्ही आसांकडे वाटणाऱ्या पेटीत, पुढील आस जोडला की दोन्ही आस एकाच गतीने बांधले जातात. चिखलात चाके किंचित घसरून हे 6 मीटर भरून काढतात. कोरड्या डांबरावर ती वाट बंद असते. मग दंडांना पीळ बसतो, सुकाणू जड होते, टायर झिजतात व अखेरीस एखादा क्रॉस किंवा दंतचक्र तुटते.

यास्तव अखंड चौचाकी चालीचे मर्म दोन आसांमधील तिसऱ्या डिफरन्शियलमध्ये आहे. जुन्या पेटीच्या जागी असे मध्यवर्ती डिफरन्शियल असलेली पेटी बसविणे हा फेरफाराचा गाभा होय. 1970 साली आलेल्या रेंज रोव्हरमध्ये ही योजना होती. 1979 साली लँड रोव्हर कंपनीने आपल्या जुन्या घडणीच्या लांब गाडीत त्याच गाडीचे व्ही-8 इंजिन आणि अखंड चालीची रचना बसविली. जुन्या सांगाड्यात नवी चाल बसविता येते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

परंतु या सोयीबरोबर एक उणीवही येते. साधे डिफरन्शियल दोन्ही बाजूंस समान पीळ देते. म्हणून चारपैकी एक जरी चाक चिखलात मोकळे फिरू लागले, तरी बाकीच्या तिघांना त्याच्याएवढाच क्षीण पीळ मिळतो आणि गाडी जागीच राहते. मध्यवर्ती डिफरन्शियल बांधून टाकणारा खटका म्हणूनच अनिवार्य ठरतो. चालकाचा निर्णय नाहीसा होत नाही, तो विरळ होतो, इतकेच.

पुढील आसाचाही विचार करावा लागतो. तेथे चाकाजवळ एकेरी क्रॉसचा सांधा असल्यास चाक 30 अंशांनी वळविले असता त्याची गती प्रत्येक फेऱ्यात सुमारे 0.87 पट ते 1.15 पट अशी दोनदा हेलकावते. क्वचित वापरात हे चालून जाते, नित्याच्या वापरात हादरे बसतात. म्हणून समगती सांधे घालणे इष्ट असते. पुढच्या चाकांवरील मोकळे होणारे तुंबे काढून पक्के जोड द्यावे लागतात. दोन्ही आसांचे क्राऊन-पिनियन प्रमाण व टायरांचा व्यास एकच असला पाहिजे, अन्यथा मध्यवर्ती डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही अविरत फिरून झिजते.

इंधनाचा व्यय वाढतो, ही बाबही दुर्लक्षणीय नाही. अमेरिकेत 1970 च्या दशकात अखंड चालीच्या मालमोटारी निघाल्या, आणि पुढे अनेक मालकांनी त्याच गाड्या खर्चासाठी पुन्हा जुन्या, जोडण्या-सोडण्याच्या चालीवर आणल्या. शिवाय भारतात मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 मुळे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यावर निर्बंध आहे. म्हणून परिवहन कार्यालयाकडून आधी खात्री करून घेणे अगत्याचे आहे.

तात्पर्य, बहुतांश डांबरावर धावणाऱ्या गाडीस हा खर्च परवडणारा नाही, आणि सदैव चिखलातच वावरणाऱ्या गाडीस जुना दांडा पुरेसा आहे. त्याचे खरे मोल दर काही फर्लांगांवर भूमी पालटणाऱ्या, पावसाने ओल्या झालेल्या मार्गावर आहे. सिरोंच्याचा मार्ग नेमका त्या जातीचा आहे.