पिपची लाज : चार्ल्स डिकन्स आजही का वाचला जातो?

चार्ल्स डिकन्सचे निधन ९ जून १८७० रोजी झाले. त्याच्या कादंबऱ्यांतील घोडागाड्या आणि कर्जदारांचे तुरुंग इतिहासजमा झाले, पण कादंबऱ्या मात्र झाल्या नाहीत. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी काश्मीरची पार्श्वभूमी घेऊन २०१६ मध्ये ‘फितूर’ या नावाने हिंदी पडद्यावर आली. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’चे कथानक आजच्या अमेरिकेतील व्यसनांनी पोखरलेल्या डोंगराळ मुलखात नेऊन बार्बरा किंगसॉल्व्हर यांनी ‘डीमन कॉपरहेड’ लिहिली आणि तिला २०२३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. इतक्या जुन्या लेखकात आजच्या वाचकाला असे काय सापडते, याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

डिकन्सचा विनोद, त्याची विक्षिप्त पात्रे, गरिबांविषयीची कणव, ही उत्तरे नेहमी दिली जातात. ती खोटी नाहीत. परंतु कणव त्याच्या काळातील पुष्कळ लेखकांनी दाखविली आणि त्यांची नावेही आज कोणास आठवत नाहीत. आमच्या मते डिकन्सचे बळ निराळे आहे. गरिबीत भूक असते हे कोणालाही दिसते; गरिबीत लाज असते, आणि पोट भरल्यानंतरही ती माणसाच्या मागे येते, हे त्याने आतून जाणले होते.

त्याचे वडील नौदलाच्या वेतन कार्यालयात कारकून होते. १८२४ मध्ये कर्ज न फेडल्याबद्दल त्यांना लंडनच्या मार्शलसी तुरुंगात टाकण्यात आले. त्याच सुमारास बारा वर्षांच्या चार्ल्सची शाळा सुटली आणि बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर कागद चिकटविण्याचे काम त्याच्या वाट्याला आले. मजुरी आठवड्याला सहा-सात शिलिंग. पुढे कारखाना दुसऱ्या जागी गेला, तेव्हा ही मुले खिडकीपाशी बसून काम करीत आणि रस्त्यावरून जाणारे थांबून पाहत. वडील सुटल्यावरही मुलाने कामावर जात राहावे, असे आईचे मत होते. ही गोष्ट तो कधीच विसरला नाही. नंतर तो इंग्लंडमधील सर्वांत लोकप्रिय लेखक झाला, पण हा काळ त्याने आपला मित्र जॉन फॉर्स्टर याच्याखेरीज जवळजवळ सर्वांपासून लपवून ठेवला. वाचकांना तो कळला डिकन्सच्या मृत्यूनंतर, फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून. एवढा यशस्वी माणूसदेखील बालपणीची मजुरी सांगू शकला नाही. मात्र कादंबऱ्यांतून तीच पुनःपुन्हा लिहीत राहिला.

निवासी शाळेच्या स्मरणिकेत त्याच्या आणखी एका कामाची नोंद करावयास हवी. त्या काळी यॉर्कशायरमध्ये स्वस्त निवासी शाळा होत्या. ‘सुट्ट्या नाहीत’ ही त्यांच्या जाहिरातींतील मोठी खूण होती, कारण नकोशी झालेली मुले कायमची दूर ठेवण्याची ती सोय होती. १८३८ च्या हिवाळ्यात डिकन्स खोटे नाव घेऊन तेथे गेला, पाहणी केली आणि ‘निकोलस निकल्बी’त उपासमार व मारहाण करणाऱ्या शाळेचे चित्र रंगविले. दहा वर्षांनंतरच्या प्रस्तावनेत अशा शाळा आता फारच थोड्या उरल्याचे त्याने नमूद केले आहे.

त्याचा वाचकही नवा होता. तीन खंडांची नवी कादंबरी तेव्हा ३१ शिलिंग ६ पेन्सला मिळे. कारखान्यातील त्या मुलाची महिनाभराची मजुरी त्यासाठी पुरली नसती. डिकन्सने आपल्या पुष्कळशा कादंबऱ्या एक शिलिंगाच्या मासिक भागांत दिल्या, तर ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ अवघ्या दोन पेन्सच्या साप्ताहिकातून. एकाने मोठ्याने वाचायचे आणि इतरांनी ऐकायचे, अशा रीतीने अक्षर न येणाऱ्यांपर्यंतही तो पोहोचला.

या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’विषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते. पिप हा पोरका मुलगा. त्याला बहीण आणि तिचा नवरा ज्यो सांभाळतात. ज्यो लोहार आहे, निरक्षर आहे. पिप पाटीवर वेडेवाकडे पत्र लिहून दाखवितो, तेव्हा ज्योला त्यात केवळ आपल्या नावाची अक्षरे ओळखता येतात, आणि तेवढ्यानेच तो पिपला मोठा पंडित ठरवितो. पुढे पिप एका श्रीमंत घरी जातो. तेथील एस्टेला त्याच्या राठ हातांना, जाड बुटांना आणि बोलण्याला हसते. त्या दिवसापर्यंत त्याला आपले हात राठ आहेत हे ठाऊकच नव्हते. लाज ही उपजत नसते, ती कोणीतरी शिकवीत असते, हे डिकन्सने या एका भेटीत दाखवून दिले.

अज्ञात दात्याच्या पैशावर पिप लंडनला जाऊन ‘सभ्य गृहस्थ’ होतो. ज्यो त्याला भेटावयास येतो. अंगात न शोभणारे ठेवणीतले कपडे, हातातली हॅट कोठे ठेवावी हे कळत नाही, ठेवली तर ती सारखी पडते. ज्याला खांद्यावर खेळविले त्या पिपला तो मधूनच ‘सर’ म्हणतो. पिप अवघडतो, चिडतो, तो कधी जाईल असे त्याला होते. शिकलेला मुलगा आणि त्याच्या खोलीवर आलेला गावाकडचा माणूस यांच्यामधले हे अंतर ज्याने अनुभवले नाही, असा माजी विद्यार्थी विरळा.

आग्र्याच्या १८ मार्च १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी व्यक्त केलेली व्यथा आपणां सर्वांस परिचित आहे. तिची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. तरी एक भेद विसरता कामा नये. पिपने कपडे आणि बोली बदलली की लंडनमध्ये त्याचे मूळ कोणी विचारीत नाही. आपल्याकडे आडनाव विचारले जाते. वर्गाची लाज झाकता येते, जातीने लादलेला अपमान असा झाकता येत नाही. तो नाकारावा लागतो.

डिकन्सला डोक्यावर घेण्याचेही कारण नाही. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधील फेगिन या पात्रातून त्याने ज्यूंविषयीच्या द्वेषाला खतपाणी घातले. एका ज्यू वाचक स्त्रीने पत्राने जाब विचारला, तेव्हा पुढील कादंबरीत त्याने एक सज्जन ज्यू रंगविला आणि ‘ऑलिव्हर’च्या नव्या आवृत्तीत काही उल्लेख गाळले. १८५७ च्या उठावानंतर मात्र भारतीयांच्या संहाराची इच्छा त्याने खाजगी पत्रात व्यक्त केली. इंग्लंडमधील पोरक्या मुलाचे दुःख ज्याला दिसले, त्याला येथील माणसे माणसांसारखी दिसली नाहीत. कोणतेही वचन केवळ थोराचे म्हणून स्वीकारू नये, हे कालामांना सांगितलेले तत्त्व वाङ्मयालाही लागू करावयास हवे.

तरी पिप आणि ज्यो यांची कथा उणी होत नाही. पिप कर्जात बुडतो, आजारी पडतो. ज्यो येऊन आठवडेच्या आठवडे शुश्रूषा करतो, त्याचे कर्ज फेडतो आणि तो बरा होताच, आपली अडचण नको म्हणून, पहाटेच निघून जातो. मागे फेडलेल्या कर्जाची पावती असते आणि एक चिठ्ठी. ती ज्योने स्वतः लिहिलेली आहे. दरम्यान बिडी या मुलीने त्याला लिहावयास शिकविले आहे.

ज्यांना डिकन्स वाचावयाचा आहे त्यांनी याच पुस्तकापासून आरंभ करावा. ५९ प्रकरणांची ही कादंबरी मूळ वाचकांना ३६ आठवड्यांत मिळाली होती. वसतिगृहात दर रविवारी एकाने मोठ्याने वाचली, तर जूनमध्ये सुरू करून वार्षिक परीक्षेपूर्वी ती पुरी होते.