दोन द्रव एकत्र येतात तेव्हा

आचोळ्यातले एक काका बरीच वर्षे इन्सुलिन घेतात. जेवण वेळेवर, डोस ठरलेला. तरी साखर कधी ३००, तर कधी ६०. एका पहाटे घामाने निथळत, असंबद्ध बडबडत असताना मुलाने त्यांना रिक्षातून माझ्याकडे आणले. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर भानावर आले. मी बाटली मागवली. तळाशी पांढरा गाळ, वर नितळ पाणी.

"काका, ही हलवता का?"

"नाही हो डॉक्टर. बिघडेल म्हणून जपून ठेवतो."

द्रव आपोआप मिसळतात, हा आपला समज. चहात साखर ढवळताना भोवरे उठतात, म्हणून तो होतो. केसासारख्या बारीक नळीत भोवरा उठतच नाही. १८८३ साली मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडली. प्रवाह संथ असता ती दोऱ्यासारखी सरळ गेली. अशा वेळी मिसळण होते ती फक्त रेणूंच्या सरकण्याने. साखरेच्या रेणूला एक मिलिमीटर सरकायला साधारण पाव तास लागतो. पण अंतर दहापट कमी केले की वेळ शंभरपट कमी होतो.

म्हणजे थर पातळ करा. आपल्या घरातली घडीची पोळी आठवा. दुमडत गेलो की दहा घड्यांत हजारावर पदर होतात. २००२ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी बारीक नळीच्या तळाशी माशाच्या काट्यासारख्या तिरप्या खोबण्या कोरल्या. वाहता वाहता द्रव स्वतःच दुमडू लागला. खोबणी किती खोल, किती तिरपी, किती असाव्यात? हल्ली शेकडो रचना आधी संगणकावर वाहवून पाहतात. खोबण्या वाढवल्या की वाट लांबते, द्रव ढकलायला जोर जास्त लागतो. त्यातला मध्य गाठायचा असतो.

कोविडच्या एमआरएनए लसींना हेच ज्ञान लागले. अल्कोहोलमधला मेद आणि पाण्यातला आरएनए निमिषात मिसळले, तर मीटरच्या अब्जाव्या भागात मोजायचे, सुमारे शंभर भरतील एवढे एकसारखे कण बनतात. रेंगाळले तर मोठे नि ओबडधोबड. याच जातीच्या पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या लसीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ती साध्या फ्रिजच्या थंडीत, २ ते ८ अंशांत टिकते.

काकांच्या बाटलीतले दुखणे थोडे निराळे. तिथे कणच जड, म्हणून तळाशी बसतात. वरचे पाणी ओढले तर एक डोस, गाळ आला तर भलताच. तेव्हा वाचकहो, दुधाळ दिसणारे इन्सुलिन घेण्याआधी बाटली किंवा पेन तळहातांत दहा वेळा घोळवा, दहा वेळा हळू उलटसुलट करा. जोरात झटकू नका, फेस येतो आणि डोस चुकतो. गुठळ्या राहिल्या तर ते वापरू नका. पाण्यासारख्या स्वच्छ इन्सुलिनला हे लागत नाही. मुलांच्या पावडरीत पाणी घालून केलेल्या अँटिबायोटिकची बाटली मात्र प्रत्येक वेळी खुशाल जोरात हलवा.

काकांची नात आता शेजारी बसून दहापर्यंत मोठ्याने मोजते. सातावर थांबले तर ओरडते.