जाम झालेले रीळ जोर लावून सुटत नाही

पाऊस ओसरून भातसा-काळूचे पाणी निवळले की शहापूर-मुरबाडकडे माळ्यावरचे गळ खाली उतरतात. साध्या हातगळाला काही झालेले नसते. रिळाचे हँडल मात्र जागचे हलत नाही. मग पक्कड येते, आणि सुटू शकले असते असे चांगले रीळ तिथेच कायमचे मोडते.

‘आपले पाणी गोडे, रीळ गंजेलच कसे?’ हा सगळ्यांत पक्का गैरसमज. मीठ गंजाला वेग देते हे खरे, पण गंजायला ओल पुरते. त्यात पुष्कळ रिळांचे अंग ॲल्युमिनियमचे आणि स्क्रू पोलादी. दोन वेगळ्या धातूंच्या मध्ये ओल राहिली की ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी होते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून स्क्रू किंवा दांडा आवळला जातो. ओल्या पिशवीतच रीळ पावसाळाभर माळ्यावर राहिले, तर याला खाडीचे पाणी लागत नाही. कित्येकदा तर गंज नसतोच, आतले जुने ग्रीस डिंकासारखे घट्ट झालेले असते.

म्हणून आधी काय अडले आहे ते पाहा. हँडल फक्त उलटे फिरत नसेल तर रीळ जाम नाही. उलटी फेरी रोखणारी कळ चालू आहे, एवढेच. पुढची चकती (स्पूल) काढून खालच्या दांड्याला तंगूस गुंडाळला आहे का, तेही बघा. बरीच ‘जाम’ रिळे तिथेच सुटावीत, इतकी ही गोष्ट नेहमीची आहे.

तरीही हलले नाही, तरी ताकद लावू नका. स्वस्त रिळांतला मोठा गिअर जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो. पकडीच्या एका हिसक्यात त्याचे दात जातात. अडलेल्या सांध्यावर गंज सोडवणाऱ्या पातळ तेलाचे दोन थेंब सोडा आणि रात्रभर तसेच ठेवा. सकाळी खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या. स्क्रू आधी केसभर आवळायच्या दिशेने, मग उघडायच्या दिशेने, असा मागे-पुढे हलवा. अनेक रिळांत हँडल किंवा पुढचे नट उलट्या आट्यांचे असते. ते पाहिले नाही, तर उघडतोय समजून आपण आवळत बसतो. अंग धातूचे असेल तर तेल पुसून गरम पाण्यात पिळलेले फडके त्यावर ठेवा. तेवढ्याच उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे पकड सैल होते.

अख्खे रीळ रॉकेलमध्ये बुडवणे हा दुसरा आवडता उपाय. रॉकेल जुने ग्रीस छान धुते, पण ते वंगण नव्हे. उडून गेले की धातू उघडा पडतो. शिवाय ताण सांभाळणाऱ्या ड्रॅगच्या नमद्याच्या चकत्या ते पिऊन घेतात आणि निकामी होतात. भाग सुटे करून, चकत्या बाजूला ठेवूनच रॉकेल वापरा. पेट्रोल तर घरात नकोच, त्याची वाफ लांबच्या चुलीनेही पेटते.

डब्ल्यूडी-४० मारले म्हणजे तेलपाणी झाले, हेही खरे नाही. १९५३ मध्ये अमेरिकेत ते बनले ते धातूवरचे पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. अडलेला भाग सोडवायला ते चांगले; पण बेअरिंगला नंतर खरे तेल द्यावेच लागते.

आता घरातली तेले. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते. म्हसाच्या यात्रेच्या सुमारास, पौषातल्या थंडीत, बाटलीत जे होते तेच रिळातही होते. खाण्याची इतर तेलेही हवेने हळूहळू चिकट होतात. बाजारात मिळणारे शिलाई मशीनचे तेल स्वस्त आणि कितीतरी चांगले. पितळेची भांडी उजळवणारी चिंच किंवा लिंबू रिळाला लावू नका. ते आम्ल ॲल्युमिनियम आणि जस्त दोन्ही खाते.

ग्रीस जितके जास्त तितके बरे, असेही नाही. गिअरच्या दातांना पातळ थर पुरतो. उलटी फेरी रोखणाऱ्या बेअरिंगमध्ये जाड ग्रीस गेले, तर आतले छोटे रूळ पकड घेत नाहीत. नेमका मरळीने हिसका दिला की हँडल उलटे सुटते. तिथे पातळ तेलाचा एखादा थेंबच हवा.

पुढच्या वेळी माळ्यावर टाकण्याआधी रीळ पुसा, सावलीत कोरडे करा, ड्रॅग सैल सोडा आणि कोरड्या कापडात गुंडाळा. गिअरचे दातच गेले असतील, तर तेल काही करू शकत नाही. तरी ते रीळ भंगारात देऊ नका. त्याचे स्क्रू, स्प्रिंग आणि हँडल त्याच बनावटीच्या दुसऱ्या रिळाला उपयोगी पडतात.