जे जहाज कुणी खाल्लंच नाही

लाकडाचं जहाज समुद्रात बुडालं, की त्याचं पुढे काय होतं? ते खाल्लं जातं! हो, चक्क खाल्लं जातं. समुद्रात 'शिपवर्म' नावाचा एक प्राणी राहतो. लांबुळका, पांढरट, बघणाऱ्याला अळीच वाटावी असा, पण कुळ मात्र शिंपल्यांचं. त्याच्या डोक्याशी दोन चिमुकल्या शिंपा असतात. त्यांनी लाकूड खरवडत तो आत शिरतो आणि तोच भुसा गट्टम करतो. अशा हजारो जणांची पंगत बसली, की जहाजाची चाळण झालीच म्हणून समजा.

आता गंमत ऐका. २०२२ साली अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात, ३००८ मीटर खोल, एक लाकडी जहाज सापडलं. ते बुडालं होतं १९१५ साली! तरी त्याच्या मागच्या बाजूवरचं नाव अगदी स्पष्ट वाचता येत होतं : 'एन्ड्युरन्स'. नावाखाली पाच टोकांचा तारा. सुकाणूचं चाकसुद्धा जागच्या जागी.

मग इथे पंगत का बसली नाही?

कारण अंटार्क्टिकावर झाडंच नाहीत. झाडं नाहीत, तर समुद्रात ओंडके येणार कुठून? आणि ओंडके नाहीत, तर लाकूड खाणाऱ्यांनी जगायचं कशावर? शिवाय या खंडाभोवती एक प्रचंड थंड सागरी प्रवाह सतत फिरत असतो. बाहेरच्या प्राण्यांना तो सहज आत येऊ देत नाही. शास्त्रज्ञांनी हे तपासूनही पाहिलं. त्यांनी देवमाशाची हाडं आणि लाकडी फळ्या तिथल्या समुद्रतळावर १४ महिने ठेवल्या. हाडांवर हाडं खाणाऱ्या किड्यांची ही झुंबड! फळ्या मात्र जवळजवळ जशाच्या तशा. हे २०१३ साली छापूनही आलं. म्हणजे जहाज कुणी पाहिलेलंही नव्हतं, तेव्हाच ते शाबूत असणार असा अंदाज बांधता येत होता. मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. (पोलादी जहाज असतं तर वाचलं असतं, असं म्हणू नका हं. 'टायटॅनिक' पोलादीच होतं, आणि त्याचं लोखंड जीवाणू फस्त करताहेत.)

पण 'एन्ड्युरन्स' तिथे गेलं कशाला? अर्नेस्ट शॅकल्टन यांना अंटार्क्टिका खंड या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायचा होता. जानेवारी १९१५ मध्ये जहाज बर्फात अडकलं आणि दहा महिने तसंच अडकून राहिलं. बर्फाने आवळून आवळून त्याच्या फळ्या फोडल्या आणि २१ नोव्हेंबरला ते बुडालं. जहाजावरचे २८ च्या २८ जण पुढे वाचले. कसे, ती गोष्ट एवढी थरारक आहे की तिला वेगळा लेखच हवा.

जहाजाचे कप्तान होते फ्रँक वर्स्ली. आपण नेमके कुठे आहोत, हे कळायला त्यांच्याकडे उपग्रह नव्हता. होतं ते सूर्याची उंची मोजायचं सेक्स्टंट आणि अचूक घड्याळ. त्यात जहाज बुडालं त्या दिवशी आभाळ भरलेलं! दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर त्यांनी मोजमाप घेतलं, मधल्या वेळात बर्फ किती सरकला त्याचा अंदाज केला आणि जागा वहीत टिपली. १०६ वर्षांनी जहाज सापडलं ते त्या जागेपासून फक्त सुमारे ७ किलोमीटरवर.

तरी शोध सोपा नव्हता. २०१९ च्या मोहिमेत पाण्याखाली सोडलेलं यंत्रच बर्फाखाली हरवलं. म्हणून २०२२ मध्ये बर्फ फोडणाऱ्या 'अगुल्हास २' जहाजावरून जी यंत्रं सोडली, त्यांना लांबलचक केबल बांधलेली होती. एवढ्या खोलीवर तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर सुमारे ३०० किलोचा भार पडतो, त्यामुळे माणसाने पाणबुडा होऊन उतरायचा प्रश्नच नाही. यंत्रांनी ध्वनिलहरी सोडून तळ चाचपला, मग फोटो काढले. जहाज सापडलं ५ मार्चला. शॅकल्टन यांचं दफन झालं होतं ५ मार्च १९२२ ला, बरोबर शंभर वर्षं आधी!

हजारो फोटो जोडून संगणकावर जहाजाची हुबेहूब त्रिमितीय प्रतिकृती तयार झाली आहे. तिच्यात डेकवर ताटल्या दिसतात, इशाऱ्याचा बार उडवायची बंदूक दिसते आणि एक बूट दिसतो. एकच! जहाजावर समुद्रफुलं आणि स्पंज मात्र मजेत राहायला आलेत. त्यांना लाकूड फक्त बसायला हवं असतं. माणसांना तिथल्या एकाही वस्तूला हात लावायची परवानगी नाही, त्यामुळे तो बूट आहे तिथेच राहणार.