पहिली फटफटी

'बाबा, घ्यायची तर बुलेटच!' अठरावे सरताच चिरंजिवांनी जाहीर केले. सौभाग्यवतींचा चेहरा उतरला. बुलेटचा तो धीरगंभीर आवाज कुणाला आवडत नाही? पण वाचकहो, पहिली गाडी कानाने निवडू नये, पायाने निवडावी!

दुकानात चिरंजीव ऐटीत बुलेटवर बसले. पाय जेमतेम टेकले, गाडी किंचित कलली आणि दुकानातला माणूस धावला म्हणून अब्रू वाचली. ३५० सी. सी.ची बुलेट सुमारे १९५ किलोंची, शंभर सी. सी.ची स्प्लेंडर सुमारे ११२ किलोंची. नवशिक्याचा तोल भरधाव वेगापेक्षा गाडी थांबवताना, वळवताना अधिक जातो. तेव्हा दोन्ही तळवे जमिनीवर नीट टेकतात ना आणि गाडी ढकलून मागे घेता येते ना, हे आधी पाहावे.

दुसरी गोष्ट ब्रेकची. १२५ सी. सी.हून मोठ्या नव्या गाड्यांना २०१९ पासून ए. बी. एस. सक्तीचे आहे. त्यामुळे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकून गाडी घसरण्याचा धोका कमी होतो. जुनी गाडी घेणाऱ्याने हे विचारूनच घ्यावे.

शेवटी १२५ सी. सी.ची हलकी गाडी ठरली. वाचलेल्या पैशांतून सौभाग्यवतींनी आय. एस. आय. शिक्क्याची दोन हेल्मेटे घेतली. दुसरे कुणासाठी, म्हणता?

'पहिली फेरी माझी!' त्या म्हणाल्या.

बुलेट काय, कुठे पळून जात नाही!