जुन्या लॅपटॉपची कुंडली: लिनक्सवरून हार्डवेअर कसं ओळखायचं?

आजचा विषय बऱ्याच जणांच्या कपाटात पडून आहे: जुना लॅपटॉप. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० लागतं. त्यामुळे चालू स्थितीतली कितीतरी मशीन्स भंगारात निघाली आहेत. त्यावर लिनक्स टाकून कुणा विद्यार्थ्याला देता येतं. पण आधी आत काय आहे ते बघा. बाहेरच्या स्टिकरवर विश्वास ठेवू नका, रॅम आणि डिस्क मधल्या काळात कुणीही बदललेली असू शकते.

पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घ्या आणि इन्स्टॉल न करता तसंच लाइव्ह चालू करा. आता टर्मिनल उघडा. कमांड सगळ्या छोट्या इंग्रजी अक्षरांत.

पहिली कमांड, एल-एस-सी-पी-यू. 'सीपीयू ऑप-मोड' या ओळीत ६४-बिट दिसलं की पुढे जा. फक्त ३२-बिट असेल तर पर्याय फार कमी. उबुंटूने ३२-बिट डेस्कटॉपची इमेज २०१७ मध्येच बंद केली.

दुसरी, रॅम. सुडो, स्पेस, डीएमआयडीकोड, स्पेस, डॅश टी, स्पेस, मेमरी. किती स्लॉट आहेत, कुठला रिकामा आहे, रॅम डीडीआर३ आहे की डीडीआर४, सगळं कळतं. दुकानात जायच्या आधी हे बघाच, कारण डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ बसतच नाही. 'मॅक्झिमम कपॅसिटी'चा आकडा मात्र बायोस सांगतो, आणि तो कधीकधी चुकीचा असतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: डिस्क. मिंटमधलं 'डिस्क्स' अॅप उघडा, डिस्क निवडा आणि मेन्यूतून स्मार्ट डेटा बघा. तीन आकडे वाचायचे. 'पॉवर-ऑन अवर्स' म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली. २०,००० तास म्हणजे रोज आठ तास धरले तर जवळपास सात वर्षं. 'रीअलोकेटेड सेक्टर' म्हणजे खराब झालेल्या जागा, ज्यांच्या बदल्यात डिस्कने राखीव जागा वापरल्या. 'करंट पेंडिंग सेक्टर' म्हणजे जिथलं वाचताना डिस्क अडखळते आहे. शेवटचे दोन शून्य हवेत. आकडा वाढत असेल तर मी ती डिस्क कुणालाच देत नाही. मशीन आज मस्त चालेल, पण ऐन सबमिशनच्या आठवड्यात पोराचा प्रोजेक्ट गेला तर आपलं दान त्याला महागात पडेल. अशा वेळी साधी एसएसडी टाका. वेगही वाढतो.

चौथी, वायफाय. एल-एस-पी-सी-आय, स्पेस, डॅश एन एन के. नेटवर्कच्या नोंदीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नसेल तर ड्रायव्हर लागलेला नाही. शेजारी चौकटी कंसात आयडी असतो, तो जसाच्या तसा सर्च करा. १४ई४ ने सुरू झाला तर चिप ब्रॉडकॉमची. तिला बरेचदा वेगळा ड्रायव्हर लागतो.

शेवटी बॅटरी. यूपॉवर, स्पेस, डॅश डी. 'एनर्जी फुल' आणि 'एनर्जी फुल डिझाइन' यांची तुलना करा. पहिला आकडा दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी असेल, तर घेणाऱ्याला आधीच सांगा की चार्जर जवळ ठेवावा लागेल.

हे सगळं अर्ध्या तासात होतं. आकडे एका कागदावर लिहून लॅपटॉपसोबतच द्या, पुढच्या माणसाला दुरुस्ती करताना कामाला येतात. चला, भेटू पुढच्या भागात!